डफल बॅग : प्रवासाची पिशवी पारखताना

हसनाबादहून मुंबईस निघालेल्या प्रवाशाला आपले सामान किती वेळा उचलावे लागते, याचा हिशेब सहसा कुणी करीत नाही. घरापासून थांब्यापर्यंत, एसटीच्या पायऱ्या चढताना, जालना बसस्थानकावरून रिक्षात, रिक्षातून फलाटावर, फलाटावरून डब्यात आणि मुंबईस उतरल्यावर लोकलच्या गर्दीत, अशी सहा-सात वेळा तरी पिशवी हातात येते. भोकरदन तालुक्यातील या गावाला रेल्वे नाही. जालना-जळगाव या १७४ किलोमीटरच्या नव्या मार्गास केंद्रीय मंत्रिमंडळाने ऑगस्ट २०२४ मध्ये मंजुरी दिली असली, तरी आजचा प्रवासी जालना किंवा छत्रपती संभाजीनगर गाठूनच पुढची गाडी पकडतो. वाहने बदलत जाणाऱ्या अशा प्रवासात चाकांच्या सुटकेसचा उपयोग मर्यादित असतो. गुळगुळीत फरशीवर ती चाके सुखाची वाटतात; पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल त्यांत भरला, की तीच सुटकेस उचलून न्यावी लागते आणि चाके, दांडा व सांगाडा यांचे दोन-तीन किलो वजन फुकट वाहिले जाते. ज्याला सामान अंगावर वाहायचे आहे, त्याने मऊ कापडाची, लांबट, वरून उघडणारी पिशवी घ्यावी. बाजारात तिला डफल बॅग म्हणतात.

बेल्जियमच्या अँटवर्प प्रांतातील डफल या गावी सतराव्या शतकात जाड, खरखरीत लोकरी कापड विणले जाई. त्या कापडाला गावाचे नाव मिळाले, पुढे ते कापड सोडून पिशवीलाच चिकटले आणि दुसऱ्या महायुद्धातील सैनिकांच्या नळकांड्यासारख्या पिशव्यांमुळे जगभर पोहोचले. नाव परके असले तरी वस्तूची कल्पना मराठी घराला नवी नाही. खांद्यावर दोन्ही अंगांनी लोंबणारी पडशी, अंथरूण गुंडाळून बांधलेली वळकटी आणि इंग्रजी अमदानीत आलेला पट्ट्यांचा होल्डॉल ही तिचीच जुनी भावंडे. मधल्या काळात पत्र्याच्या ट्रंकेने आणि सत्तरच्या दशकानंतर साच्यातून काढलेल्या कडक सुटकेसने मान मिळवला. लग्नात सुटकेस देणे ही प्रतिष्ठेची गोष्ट झाली, आणि कापडी पिशवी मजुराची व विद्यार्थ्याची मानली गेली. हा समज बदलायला बराच काळ लागला.

आकार आधी, कंपनी नंतर

दुकानात पिशवीवर ४० लिटर, ५५ लिटर असे लिहिलेले असते. हा आकडा छापताना बाहेरचे खिसेही कधी कधी धरले जातात, म्हणून मोजपट्टीने स्वतः मोजलेले बरे. गोल पिशवीचे आकारमान काढणे शाळेत शिकविलेल्या सूत्राने जमते. ५० सेंटिमीटर लांब व २५ सेंटिमीटर व्यासाची पिशवी सुमारे २४ लिटरची होते. ५५ लांब व ३० व्यासाची सुमारे ३९ लिटरची. ६० लांब व ३३ व्यासाची सुमारे ५१ लिटरची. व्यास थोडा वाढला तरी आकारमान झपाट्याने वाढते, हे यावरून ध्यानी येईल. ७५ सेंटिमीटर लांब व ४० व्यासाची पिशवी तर ९४ लिटरवर जाते. ती भरली की एकट्या माणसाला उचलणे कठीण होते, आणि मोठी पिशवी रिकामी राहत नाही हा सर्वांचाच अनुभव आहे.

दोन-चार दिवसांच्या प्रवासाला एका माणसासाठी ३५ ते ४५ लिटर पुरतात. वसतिगृहावर राहणाऱ्या विद्यार्थ्याला पांघरूण न्यावयाचे असल्यास ५० ते ६० लिटरची घ्यावी. त्यापुढे एका मोठ्या पिशवीऐवजी दोन मध्यम पिशव्या केव्हाही सोयीच्या; दोन्ही हातांवर भार समान पडतो आणि एसटीच्या डोक्यावरील अरुंद फळीवरही त्या बसतात.

रेल्वेचे नियम येथे फारसे आड येत नाहीत. शयनयान व वातानुकूलित तिसऱ्या वर्गात प्रवाशामागे ४० किलो, दुसऱ्या वर्गात ३५ किलो, वातानुकूलित दुसऱ्या वर्गात ५० आणि पहिल्या वर्गात ७० किलो सामान विनाशुल्क नेता येते. अडचण जागेची असते. ३० डिसेंबर २०२३ रोजी जालना-मुंबई अशी सुरू झालेली आणि ऑगस्ट २०२५ मध्ये नांदेडपर्यंत वाढविलेली वंदे भारत ही खुर्च्यांची गाडी आहे. तीत बाकाखाली ट्रंक सरकविण्याची सोय नाही. सामान डोक्यावरील फळीवर चढवावे लागते. विमानाचे गणित मात्र वजनाचे आहे. देशांतर्गत प्रवासात साध्या वर्गाला बहुधा १५ किलो सामान आणि हातात ७ किलोची एकच पिशवी एवढी मुभा असते, व हातातील पिशवीची मर्यादा अनेक कंपन्यांत ५५ × ३५ × २५ सेंटिमीटर आहे. कापडी डफल बॅग रिकामी असताना साधारण एक किलोच्या आतबाहेर भरते, चाकांची त्याच मापाची बॅग अडीच-तीन किलो. सातपैकी तीन किलो पिशवीचेच गेले, तर नेणार काय?

कापडाचा आकडा आणि त्याचा अर्थ

विक्रेता सर्वप्रथम कापडाची ग्वाही देतो आणि डेनिअरचा आकडा सांगतो. ९,००० मीटर धाग्याचे ग्रॅममधील वजन म्हणजे डेनिअर. ६०० डेनिअर म्हणजे तेवढ्या लांबीचा धागा ६०० ग्रॅम भरतो. आकडा मोठा असला की धागा जाड एवढेच त्यातून कळते. विणकाम किती दाट आहे, धागा कोणत्या प्रतीचा आहे, हे कळत नाही. विरळ विणलेल्या ९०० डेनिअरच्या कापडापेक्षा दाट विणलेले ६०० डेनिअरचे कापड अधिक टिकू शकते. कापड उजेडासमोर धरून पाहावे. चाळणीसारखी छिद्रे दिसली, तर आकड्यावर विसंबू नये.

सामान्य प्रवासाला ६०० डेनिअरचे पॉलिस्टर पुरेसे आहे. पिशवी वारंवार जीपच्या टपावर किंवा मालमोटारीत जाणार असेल, तर १,००० डेनिअरच्या आसपासचे नायलॉन घ्यावे. नायलॉन घासण्याला अधिक टिकते. पॉलिस्टर उन्हाला अधिक टिकते आणि पाणी कमी शोषते. मराठवाड्यातला उन्हाळा पाहता पॉलिस्टरला कमी लेखण्याचे कारण नाही. जाड सुती कॅनव्हास दिसायला भारदस्त असते आणि कोणत्याही चांभाराला शिवता येते, पण भिजल्यावर जड होते, लवकर वाळत नाही आणि ओलसर राहिल्यास त्यावर बुरशी धरते. रेक्झिनची पिशवी शक्यतो टाळावी. नवी असताना ती चामड्यासारखी चमकते, परंतु घड्यांच्या जागी वरचा थर तडकतो व पापुद्रे निघू लागतात.

कापडाच्या आतल्या बाजूस पाणी अडविण्यासाठी एक पातळ लेप दिलेला असतो. उष्ण, दमट जागी वर्षानुवर्षे पिशवी कोंबून ठेवली तर हा लेप विघटित होऊन चिकट होतो. माळ्यावरून काढलेली जुनी पिशवी हाताला चिकटते व तिला वास येतो, त्याचे कारण हेच. शिवाय असा लेप असला तरी शिवणीतून आणि चेनमधून पाणी आत येतेच. ‘वॉटरप्रूफ’ असे लिहिलेल्या बहुतेक पिशव्या प्रत्यक्षात हलक्या सरीपुरत्याच असतात. पाणी खरोखर अडवायचे असेल, तर ताडपत्रीच्या जातीचे जाड लेपाचे कापड हवे, आणि त्याचे जोड शिवलेले नसून उष्णतेने चिकटविलेले हवेत. ते महाग व जड पडते. त्यापेक्षा साध्या पिशवीत जाड प्लॅस्टिकची एक मोठी थैली घालून तिच्यात कपडे भरणे, हा स्वस्त आणि अधिक खात्रीचा मार्ग आहे.

पिशवी फाटते कुठे?

जुन्या पिशव्या दुरुस्तीला बसणाऱ्या कारागिरासमोर काय येऊन पडते ते पाहिले, तर मधोमध फाटलेले कापड क्वचितच दिसते. बंद उपटलेले असतात, चेन उघडी पडलेली असते, किंवा तळाचे कोपरे झिजलेले असतात. ग्राहक मात्र दुकानात कापडावरून हात फिरवतो आणि रंग निवडतो.

बंदांचा विचार सर्वांत आधी करावा. बारा किलोची पिशवी दोन्ही बंदांना मिळून धरली तर वजन चार जागी वाटले जाते. घाईत प्रवासी एकच बंद पकडून पिशवी बसमध्ये ओढतो, तेव्हा तेच वजन, तेही हिसक्यासह, दोन जागांवर येते. त्या दोन जागी बंद नुसता कापडावर टाचलेला असेल तर टाके टिकले तरी कापड फाटते. म्हणून बंदाची पट्टी पिशवीच्या तळाखालून पूर्ण फिरवून दुसऱ्या अंगाला वर आणलेली आहे ना, हे उलटे करून पाहावे. खाटेच्या नवारीसारखी दाट विणलेली पट्टी असेल तर अधिक चांगले. अशा पिशवीत वजन पट्टी पेलते, कापडावर ताण येत नाही. पट्टी जेथे सुटते तेथे टाक्यांची चौकट आणि तिच्यात फुली हवी, किंवा एकाच जागी दाट टाक्यांची आडवी रेघ हवी. एका सरळ शिवणीवर लटकणारा बंद पहिल्याच मोठ्या प्रवासात दगा देतो.

टाके मोजायलाही वेळ लागत नाही. जाड कापडावर इंचाला साधारण सहा ते आठ टाके असावेत. त्याहून विरळ असतील तर शिवण उसवते; फार दाट असतील तर सुईच्या भोकांनी कापडच कमजोर होते व पोस्टाच्या तिकिटासारखे त्या रेषेवर फाटते. धागा नायलॉनचा किंवा पॉलिस्टरचा हवा, सुती धागा ओलाव्याने कुजतो. पिशवी आतून उलटून कडा पाहाव्यात. कापडाच्या कापलेल्या कडांवर पट्टी चढवून शिवलेली असेल, तर काम मनापासून झाले आहे असे समजावे. कडा उघड्या असतील तर त्यांचे धागे सुटत जातात आणि तेच पुढे चेनमध्ये अडकतात.

खांद्याच्या पट्ट्याची कडी व आकडा हा भाग उत्पादक बहुधा स्वस्तात उरकतो. पातळ प्लॅस्टिकचा आकडा थंडीत किंवा आपटल्यावर तुटतो. धातूचा, फिरणारा आकडा घ्यावा आणि कडी जोडून तयार केलेली आहे की नुसती वाकविलेली, हे नखाने चाचपून पाहावे. वाकविलेल्या कडीची फट ताणाने रुंदावते. ज्यांना बराच वेळ चालायचे आहे त्यांनी दोन्ही खांद्यांवर चढविता येईल अशा दोन पट्ट्यांची पिशवी घ्यावी, कारण एका खांद्यावरचे ओझे तासाभरात कंबरेला जाणवू लागते.

चेनच्या बाबतीत आकडे उपयोगी पडतात. रनरच्या पाठीवर ५, ८ किंवा १० असा अंक कोरलेला असतो, तो मिटलेल्या दातांच्या रुंदीचा मिलिमीटरमधील ढोबळ आकडा असतो. बाहेरच्या लहान खिशाला ५ चालेल. मुख्य तोंडाला ८ किंवा १० हवा. नायलॉनच्या वेटोळ्याची चेन वळणावर सहज वाकते आणि मधेच उघडी पडली तर रनर मागे नेऊन पुन्हा मिटविता येते. सुट्या जाड दातांची प्लॅस्टिकची चेन धुळीला कमी अडते, पण तिचा एक दात निखळला की सारी चेन बदलावी लागते. १९३४ साली टोकियोत सुरू झालेल्या ‘वायकेके’ या कंपनीचे नाव रनरवर असले म्हणजे बरे मानतात; मात्र ही अक्षरे नकली मालावरही कोरलेली आढळतात. खात्री करायची तर पिशवीत दुकानातले कागद किंवा कपडे ठासून भरायला लावावेत आणि चेन दहा वेळा उघडझाप करून पाहावी. रिकाम्या पिशवीची चेन सगळ्याच पिशव्यांत छान चालते. भरल्यावर कोपऱ्यांवर रनर अडतो का, हे पाहणे महत्त्वाचे, कारण चेन बहुतेकदा वळणावरच मोडते.

उरला तळ. तेथे कापडाचा दुहेरी थर किंवा जाड लेपाचा वेगळा तुकडा हवा. रुग्णासोबत छत्रपती संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात मुक्काम करणाऱ्या नातेवाइकांची पिशवी खाटेखाली, ओल्या फरशीवर पडून असते. फरशी पुसली जाते तेव्हा पहिले पाणी तिलाच लागते. अशा वेळी तळ शोषून घेणारा असला तर कपडे आणि औषधपाण्याचे कागद दोन्ही भिजतात. कागदपत्रे कोणत्याही पिशवीत प्लॅस्टिकच्या बंद पाकिटात आणि तळापासून दूर ठेवावीत, हे ओघाने आलेच.

वारी, बर्थ आणि टप

पिशवीची खरी कसोटी आषाढी वारीत लागते. दिंडीतील वारकरी पायी चालतो, त्याची पिशवी दिंडीच्या मालमोटारीतून पुढच्या मुक्कामी जाते. शेकडो पिशव्या एकावर एक रचलेल्या असतात, वर ताडपत्री आणि त्यावर पाऊस. कडक सुटकेस तेथे कुणालाच नको असते. तिच्या कोपऱ्याने शेजारची पिशवी फाटते. मऊ पिशवी ढिगात दबते आणि पुन्हा मूळ आकारात येते. मुक्कामावर अंधारात आपली पिशवी शोधताना मात्र साऱ्या काळ्या-निळ्या पिशव्या सारख्या दिसतात. दोन्ही टोकांना गडद रंगात नाव, गाव व दूरध्वनी क्रमांक लिहावा आणि बंदाला एखादी रंगीत चिंधी बांधावी. नावाची एक चिठ्ठी आतही ठेवावी. केदारनाथसारख्या ठिकाणी सामान घोड्यावर किंवा पिठ्ठूच्या पाठीवर जाते, तेथेही हीच खबरदारी कामी येते.

रेल्वेत पिशवी बाकाखालच्या कडीला साखळीने बांधतात. साखळी दोन्ही बंदांतून ओवावी. एकाच बंदातून ओवल्यास तो कापून पिशवी नेता येते. दोन रनर एकत्र करून लावलेल्या लहान कुलपावर फार भरवसा ठेवू नये. नायलॉनची चेन टोकदार वस्तूने दातांमधून उघडता येते आणि कुलूपबंद रनर पुढेमागे सरकवून पुन्हा मिटविता येते, त्यामुळे चोरी घरी पोहोचेपर्यंत लक्षातही येत नाही. पैसे, दागिने आणि परीक्षेचे प्रवेशपत्र अंगावरच्या लहान पिशवीत असावे. विमानाने जाणाऱ्यांनी मोबाइलची पॉवर बँक मोठ्या पिशवीत ठेवू नये, ती हातातील सामानातच न्यावी लागते.

खिशांच्या संख्येला भुलणाऱ्यांचे प्रमाण मोठे आहे. बुटांचा वेगळा कप्पा, बाटलीची जाळी, पाच-सहा खिसे हे सारे मुख्य पोकळीतूनच जागा घेतात आणि प्रत्येक खिशाबरोबर एक चेन व एक शिवण वाढते. बाहेर एक, आत एक सपाट खिसा पुरे. ज्या पिशवीत आज लग्नाचे कपडे, उद्या वसतिगृहाची गादी आणि परवा शेतावर न्यायचा पंप जायचा आहे, ती आतून मोकळीच हवी.

शिवून घ्यावी काय?

मुंबईत धारावी आणि मदनपुरा भागांतील लहान कारखान्यांत बनणाऱ्या बिननावाच्या पिशव्या आठवडी बाजारापर्यंत येतात. त्यांतील काही उत्तम असतात, काही अगदीच तकलादू. वर सांगितलेल्या जागा तपासल्यावाचून भेद कळत नाही. समजा ४०० रुपयांची पिशवी वर्षभरात गेली आणि १,६०० रुपयांची आठ वर्षे टिकली, तर वर्षाचा खर्च निम्म्यावर आला. मात्र महाग पिशवी टिकेलच असेही नाही, आणि जाहिरातीसाठी मोजलेले पैसे शिवणीत उतरत नाहीत.

जाड कापड शिवणारे यंत्र असलेला शिंपी तालुक्याच्या गावी मिळत असेल, तर पिशवी शिवून घेण्याचा विचार अवश्य करावा. ५५ सेंटिमीटर लांब व ३० व्यासाच्या पिशवीला शिवणीचा वाव धरून ६० × ९९ सेंटिमीटरचा एक तुकडा आणि ३५ सेंटिमीटर व्यासाची दोन वर्तुळे लागतात. दीडशे सेंटिमीटर पन्ह्याच्या कापडातून पाऊण मीटरमध्ये हे सारे निघते. दुहेरी तळासाठी पाव मीटर अधिक घ्यावे. पट्टी चार ते साडेचार मीटर, चेन ५५ सेंटिमीटर, रनर दोन. शिंप्याला दोनच गोष्टी बजावून सांगाव्यात: पट्टी तळाखालून फिरवायची, आणि चेनच्या दोन्ही टोकांना कापडाचा तुकडा लावून तेथे दुहेरी शिवण मारायची.

प्रवासाहून आल्यावर पिशवी उलटी करून झटकावी, खाण्याचे कण राहू देऊ नयेत, नाहीतर उंदीर तिला भोक पाडतात. गरम पाण्याने किंवा यंत्रात धुतल्यास आतला लेप सुटतो. थंड पाणी, सौम्य साबण आणि मऊ ब्रश पुरेत. कडक उन्हात न टाकता सावलीत, तोंड उघडे ठेवून वाळवावी आणि घड्या न घालता सैल गुंडाळून कोरड्या जागी ठेवावी. चेनमधली धूळ जुन्या दातघासणीने काढून दातांवर मेणबत्तीचा तुकडा फिरवावा. रनर सरकूनही दात मिटेनासे झाले, तर चेन खराब झाली असे समजून पिशवी टाकू नये. बहुतेक वेळा रनरची मागची बाजू फाकलेली असते. पकडीने ती दोन्ही कडांना हलकेच दाबली की दात पुन्हा बसतात; तरीही न बसल्यास चांभार तेवढा रनर बदलून देतो.